यादीत नसलेले औषध: नाशिकच्या द्राक्ष निर्यातीतील २०१० च्या सीसीसी प्रकरणाचा अभ्यास

२०१० च्या एप्रिल महिन्यात नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत निर्यातीच्या बहुतेक बागांची तोडणी आटोपली होती, वेलींना थोडी विश्रांती देऊन खरड छाटणीची तयारी सुरू झाली होती आणि हंगामातील शेवटचा माल न्हावा-शेवा बंदरातून निघून युरोपच्या वाटेवर होता. याच सुमारास युरोपातून बातमी आली, की भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडत आहेत. शेतकरी ज्याला नुसते ‘सीसीसी’ म्हणतो, तेच हे औषध. पाहता पाहता बंदरांत आणि शीतगृहांत माल अडकला, सुपरमार्केटांनी मागणी थांबवली, काही माल कवडीमोलाने गेला आणि काही नष्ट करावा लागला. बागायतदाराच्या दृष्टीने यातील सर्वांत अनाकलनीय गोष्ट ही, की अडकलेल्या प्रत्येक पेटीसोबत ती युरोपात पाठवण्यास योग्य असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल होता आणि तो अहवाल खोटा नव्हता.

द्राक्षशेतीसमोरील अडचणी मोजायला बसले, तर अवकाळी पाऊस, गारपीट, डाऊनी हा बुरशीरोग, मजूरटंचाई, वाढता खर्च, पडते भाव अशी यादी कोणीही सांगेल. मला मात्र २०१० चे हे एकच प्रकरण तपशिलात पाहणे अधिक उपयोगाचे वाटते. एका फवारणीपासून सुरू झालेली गोष्ट नेदरलँड्समधील रोटरडॅम बंदराच्या शीतगृहापर्यंत कशी पोहोचली आणि तिचे बिल शेवटी कोणाच्या नावावर फाटले, हे नीट उलगडले, तर नाशिकच्या द्राक्ष उद्योगाची नेमकी नाडी हाताला लागते.

त्या हंगामाची पार्श्वभूमी

नाशिकच्या बागेत वर्षातून दोन छाटण्या होतात आणि पीक एकच येते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यानंतर येणाऱ्या फुटींच्या काड्या तयार होतात आणि त्या काड्यांवरील डोळ्यांत पुढच्या पिकाचे सूक्ष्म घड घडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, त्यातून प्रत्यक्ष घड बाहेर येतात आणि जानेवारी ते एप्रिल या काळात ते तोडणीला येतात. याचा अर्थ असा, की फेब्रुवारीत खाल्ल्या जाणाऱ्या द्राक्षाचे भवितव्य आदल्या मे-जूनमध्येच ठरलेले असते. बागायतदार कायम पुढच्या वर्षासाठी राबत असतो आणि चालू वर्षीच्या चुकीची किंमत त्याला आठ-नऊ महिन्यांनी मोजावी लागते.

२००९-१० चा हंगाम मुळातच जखमी होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि त्याच्यासोबतच्या अवकाळी पावसाने नाशिकच्या बागांना ऐन नाजूक अवस्थेत गाठले. ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या बागा त्या वेळी कोवळी फूट (पोंगा), कळ्यांचा घड (दोडा) आणि फुलोरा या टप्प्यांत असतात. या अवस्थेत पाऊस झाला आणि पानावर ओल टिकली, की डाऊनी घडावर उतरतो आणि दोन-तीन दिवसांत होत्याचे नव्हते करतो. फवारण्यांचा खर्च वाढला आणि अनेक बागांत माल घटला. जो माल वाचला, त्यावर मग बागायतदाराने जीव टाकला: विरळणी, जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणे, उन्हाच्या चट्ट्यांपासून घड झाकणे, सारे काही निर्यातीच्या भावाच्या आशेने. घरच्या बाजारापेक्षा युरोपचा भाव चांगला मिळतो आणि निर्यातीसाठी केलेला जादा खर्च फक्त तिथेच फिटतो. त्यामुळे त्या वर्षी युरोपला गेलेली पेटी ही बहुतेक घरांतील वर्षभराच्या हिशेबाची शेवटची आशा होती.

सीसीसी कशासाठी मारले जात होते

या प्रकरणावर बोलताना ‘शेतकऱ्यांनी बेसुमार रसायने वापरली’ असे एक सोपे वाक्य त्या वेळी वारंवार ऐकू येत होते. ते अन्यायाचे आहे, कारण सीसीसीचा वापर हौसेने किंवा अज्ञानातून आलेला नव्हता. त्यामागे द्राक्षशेतीचाच एक लांबचा इतिहास आहे.

पूर्वी नाशिक-सांगलीकडे द्राक्षवेल स्वतःच्या मुळांवर वाढत असे. दुष्काळ, खारवट पाणी आणि चोपण होत चाललेल्या जमिनी यांपुढे ती टिकेना, तेव्हा १९९० च्या दशकापासून खुंटरोपांचा, म्हणजे ज्यांच्या मुळांवर द्राक्षाचे कलम करतात अशा काटक रोपांचा, स्वीकार झाला आणि त्यात डॉगरिज हा खुंट सर्वाधिक पसरला. कमी पाण्यात आणि वाईट जमिनीत तग धरणारा हा खुंट वेलीला भरपूर जोम देतो. परंतु जोम आणि घड यांचे नेहमीच पटते असे नाही. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात डोळ्यांत घडनिर्मिती होते. त्या काळात फूट भरमसाट पळाली, पानांची गर्दी होऊन डोळ्यांवर सावली पडली किंवा आभाळ सतत भरलेले राहिले, तर जिथे घड व्हायचा तिथे बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा तयार होतो. ऑक्टोबरमध्ये छाटणी केल्यावर घड जिरून नुसत्या बाळ्या दिसू लागल्या, की त्या वर्षाचे पीक हातचे गेले असेच समजायचे.

सीसीसी ही फूट आवरते. वेलीतील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होण्याची प्रक्रिया ते मंदावते, त्यामुळे पेरे आखूड राहतात, शेंडा थांबतो आणि अन्नसाठा काडीत व डोळ्यांत वळतो. भारतात द्राक्षासाठी त्याची रीतसर नोंदणी होती आणि कृषी सेवा केंद्रात ते उघडपणे, पावतीवर मिळत होते. दुष्काळावर शोधलेल्या उपायाने जोमाचा प्रश्न निर्माण केला आणि जोमाच्या प्रश्नावर हे औषध आले, अशी ही साखळी आहे. युरोपातही हेच औषध गव्हाचे पीक आडवे पडू नये म्हणून वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर वापरले जात आले आहे आणि गव्हाच्या दाण्यातील त्याची मान्य मर्यादा द्राक्षापेक्षा कित्येक पटींनी जास्त होती. द्राक्षासाठी त्या वेळी लागू असलेली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. युरोपात द्राक्षावर या औषधाला मान्यताच नसल्यामुळे, यंत्राला भरवशाने मोजता येईल तेवढी किमान पातळी हीच तिथे मर्यादा ठरलेली होती. ही मर्यादा ओलांडणारे प्रत्येक द्राक्ष विषारी असा त्याचा अर्थ होत नाही. तरीही ज्या देशातील लोक ते फळ खाणार, त्या देशाला आपली मर्यादा ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करायला हवा.

मे महिन्यातली फवारणी, फेब्रुवारीतला घड

आकड्यांत पाहिले, तर प्रश्नाचे स्वरूप लख्ख दिसते. हे औषध ५० टक्के तीव्रतेच्या द्रावणात मिळते. दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर या प्रमाणात एकरी २०० लिटर पाणी फवारले, असे धरले, तर त्या एकरावर १०० ग्रॅम क्रियाशील घटक पडतो. त्याच एकरातून १० टन द्राक्षे निघाली, तर ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेनुसार त्या सगळ्या द्राक्षांत मिळून या घटकाचा अंश अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. युरोपला जाणाऱ्या एका कंटेनरमध्ये साधारण १३ टन माल बसतो. त्या अख्ख्या कंटेनरसाठी हा हिशेब पाऊण ग्रॅमच्याही आतला आहे.

सामान्य समजुतीप्रमाणे मे महिन्यात मारलेले औषध फेब्रुवारीपर्यंत कुठल्या कुठे विरून जायला हवे. मध्ये चार महिन्यांचा पावसाळा असतो, ऑक्टोबरमध्ये काडी छाटून टाकली जाते आणि घड तर फवारणीनंतर कित्येक महिन्यांनी बाहेर येतो. बहुतेक कीडनाशकांच्या बाबतीत हा समज खराही ठरतो. सीसीसीची गोष्ट निराळी आहे. ते पानावाटे वेलीत शिरते, काडी, ओलांडा (मांडवावरची आडवी फांदी) आणि खोड यांच्या लाकडात साठून राहते आणि नवी फूट निघताना अन्नरसाबरोबर पुन्हा वर चढते. युरोपला याचा अनुभव नव्हता असे नाही. तिथल्या नाशपतीच्या बागांत या औषधाचा वापर थांबवल्यानंतरही पुढची काही वर्षे फळांत अंश सापडत राहिले आणि त्या काळापुरती नाशपतीसाठी वेगळी, सैल मर्यादा युरोपीय संघाने ठरवून दिली होती. स्वतःच्या बागायतदाराला औषध सोडल्यानंतर झाड स्वच्छ होण्यासाठी जी सवलतीची वर्षे मिळाली, ती दिंडोरीच्या बागायतदाराला एका रात्रीत मिळणे शक्य नव्हते, कारण तशी मागणी आगाऊ करण्यासाठी लागणारी माहिती आणि आवाज या दोन्हींपैकी काहीही त्याच्याकडे नव्हते.

तपासणीला जे दिसले नाही

आता मूळ प्रश्न असा, की तपासणी होऊनही हे आधी कसे कळले नाही? याचे उत्तर भारतीय यंत्रणेच्या निष्काळजीपणात शोधण्याचा मोह होतो, पण ती यंत्रणा त्या काळी देशातील इतर कोणत्याही पिकापेक्षा पुढे होती. २००३ मध्ये युरोपने भारतीय द्राक्षांतील कीडनाशकांच्या अंशांवर बोट ठेवल्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने अवशेष सनियंत्रण योजना सुरू केली आणि पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम दिले. त्यानंतर ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आली. निर्यातीची प्रत्येक बाग तालुका पातळीवर कृषी विभागाकडे नोंदवायची, तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तोडणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल व्यवस्थेत चढतो. नमुना नापास झाला तर त्या बागेसाठी अंतर्गत इशारा निघतो आणि तिचा माल पुढे सरकू शकत नाही. पास झाला, तरच अॅगमार्क आणि फायटो, म्हणजे माल रोग-किडींपासून मुक्त असल्याच्या दाखल्याची कागदपत्रे होतात. पेटीवरील क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोहोचता येते. कोणते औषध मारावे आणि तोडणीच्या किती दिवस आधी थांबावे, याचे कोष्टकही बागायतदाराच्या हाती असते. गावागावांत ते ‘अॅनेक्शर पाच’ याच नावाने ओळखले जाते.

ही व्यवस्था यादीवर चालते, आणि गोम तिथेच आहे. प्रयोगशाळा यादीतील रसायने शोधते. एकाच चाचणीत शेकडो औषधांचे अंश एकदम मोजणाऱ्या ज्या पद्धती सर्वत्र वापरल्या जातात, त्यांच्या जाळ्यात सीसीसी सापडत नाही. त्याची रासायनिक घडण अशी आहे, की ते पाण्यातच राहणे पसंत करते आणि नमुन्यातील औषधे वेगळी काढणाऱ्या द्रावकात उतरत नाही. त्याच्यासाठी वेगळी, एकट्याची चाचणी करावी लागते. २००९-१० च्या हंगामात ज्या रसायनांची तपासणी सक्तीची होती, त्यांत सीसीसी नव्हते. म्हणून ते शोधले गेले नाही आणि शोधले गेले नाही म्हणून सापडले नाही. युरोपातील प्रयोगशाळांनी ती वेगळी चाचणी लावली, तेव्हा एकामागून एक नमुने मर्यादेबाहेर निघाले.

दुसरे कारण कालक्रमात आहे. युरोपीय संघाचा अवशेष मर्यादांचा ३९६/२००५ क्रमांकाचा नियम १ सप्टेंबर २००८ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी अनेक औषधांसाठी प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी होती. त्या दिवसापासून साऱ्या सदस्य देशांत एकच मर्यादा आली आणि जिथे विशेष मर्यादा ठरलेली नाही, तिथे किमान पातळीचा नियम आला. म्हणजे द्राक्ष तेच, फवारणी तीच, बाग तीच. बदलली होती ती समोरची मोजपट्टी. तो बदल कागदावर सर्वांना उपलब्ध होता. नोंदणी असलेल्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक द्राक्ष-औषधासमोर युरोपची नवी मर्यादा लिहून पाहण्याचे काम एका माणसाला काही दिवसांत जमण्यासारखे होते. ते कोणाचे काम आहे, हे मात्र कुठेच ठरलेले नव्हते. औषध विकणाऱ्याला देशातील नोंदणी पुरेशी होती, प्रयोगशाळेला यादी पुरेशी होती, निर्यातदाराला अहवाल पुरेसा होता आणि आयातदाराला निर्यातदाराची सही पुरेशी होती. या प्रकरणात कोणी कायदा मोडल्याचे दाखवता येत नाही, आणि तीच गोष्ट मला सर्वाधिक अस्वस्थ करते.

तोटा कोणाच्या खात्यावर पडला

युरोपला जाणारी बहुतांश भारतीय द्राक्षे त्या वेळी विक्री-सोपवणीच्या, म्हणजे कन्साइनमेंटच्या पद्धतीने जात. माल इथून निघतो तेव्हा भाव ठरलेला नसतो. तिकडे तो विकला गेल्यावर आलेल्या रकमेतून जहाजाचे भाडे, बंदरखर्च, शीतगृह, पुन्हा निवड करून भरण्याचा खर्च, आयातदाराचे कमिशन आणि निर्यातदाराची रक्कम वजा होऊन जे उरते, त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद आणि रक्कम, शेतकऱ्याला मिळते. तोडणीपासून पट्टी हाती पडेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. या व्यवहारात चांगल्या वर्षी बागायतदाराला घरच्या बाजारापेक्षा बरेच जास्त मिळते, म्हणून तो ती जोखीम घेतो. परंतु या रचनेचा दुसरा अर्थ असा, की माल विकला जाईपर्यंत त्याचा मालक तोच राहतो.

अशा पट्टीचे गणित नीट पाहण्यासारखे आहे. त्यात वरच्या बाजूला विक्रीची रक्कम असते आणि खाली वजावटी असतात. माल अडकला की वरचा आकडा शून्याकडे जातो. खालच्या वजावटी मात्र दर दिवशी वाढत राहतात, कारण शीतगृहाचे भाडे नमुना पास आहे की नापास याची वाट पाहत नाही. माल नष्ट करायचा ठरला, तर त्याचाही खर्च तिकडे पैसे देऊनच करावा लागतो आणि तीही एक वजावटच असते. बेरीज-वजाबाकी संपल्यावर खाली उरते ती उणे रक्कम. ज्याने वर्षभर बाग सांभाळली, घड निवडले, पेट्या दिल्या, त्यालाच उलट देणे लागते, असा त्या कागदाचा अर्थ होतो. प्रत्येक निर्यातदाराने ती उणे रक्कम वसूल केली असे नाही. पण जमेच्या बाजूला काहीच न आल्यामुळे औषध दुकानाची उधारी, सोसायटीचे पीककर्ज आणि मजुरांचे देणे हे बागायतदाराच्या गळ्यातच राहिले.

एकट्या शेतकऱ्याचेच नुकसान झाले, असे म्हणणे अपुरे ठरेल. शेतकऱ्यांना आगाऊ रकमा देऊन माल उचललेले लहान निर्यातदार आणि शेतकऱ्यांचे गट यांनाही मोठा फटका बसला. काही जण त्यातून पुन्हा उभे राहिले नाहीत. नाशिक जिल्ह्यातील विलास शिंदे हे त्या काळी शेतकऱ्यांची द्राक्षे निर्यात करत होते आणि २०१० च्या तडाख्यात तेही सापडले. पुढे त्यांच्या पुढाकारातून मोहाडी येथे सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली आणि देशातील द्राक्ष निर्यातीत ती अग्रस्थानी पोहोचली. व्यापाऱ्याला माल देऊन पट्टीची वाट पाहण्याऐवजी बाग, पॅकहाउस, प्रयोगशाळेशी संबंध आणि परदेशातील विक्री हे सारे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या हाती असावे, हा विचार त्या काळाच्या अनुभवातूनच पक्का होत गेला, असे माझे मत आहे. त्याआधी १९९१ मध्ये सहकारी संस्थांना एकत्र आणून महाग्रेप्सने निर्यातीचा पाया घातला होता. शीतसाखळी, पूर्वशीतकरण आणि युरोपच्या बाजाराची रीत नाशिक-सांगलीच्या बागायतदाराने तिथेच शिकून घेतली. २०१० ने त्या शिक्षणातील एक मोठी उणीव दाखवून दिली.

देशाच्या निर्यातीचे आकडे या घटनेची सावली दाखवतात, पण ते जपून वाचायला हवेत. २००९-१० मध्ये भारतातून सुमारे १.३१ लाख टन ताजी द्राक्षे निर्यात झाली. २०१०-११ मध्ये ती सुमारे ९९ हजार टनांवर आली. या आकड्यांत बांगलादेश आणि आखाती देशांकडे जाणारा मालही आहे, आणि २०१० च्या अखेरीस पुन्हा अवकाळी पावसाने बागांना झोडपले होते. त्यामुळे सगळी घट सीसीसीच्या नावावर टाकणे चुकीचे ठरेल. तरी युरोपच्या नावाने बागा नोंदवताना त्या वर्षी बागायतदाराचा हात आखडला होता, हे जिल्ह्यात कोणीही सांगेल.

त्याच एप्रिलमधला निर्णय

या प्रकरणातील एक बाजू तेव्हा फारशी चर्चेत आली नाही. बातमी आली ती एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी खरड छाटणीच्या तोंडावर. ज्याचा माल रोटरडॅमला अडकला होता, त्याच माणसाला त्याच आठवड्यांत पुढच्या वर्षीच्या बागेचा निर्णय घ्यायचा होता: सीसीसी मारायचे की नाही? मारले, तर पुढचा मालही अडकणार. न मारले आणि मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिले, तर डॉगरिजवरची जोमदार बाग बाळ्यांवर जाऊन पीकच हुकणार. शिवाय मागच्या वर्षांतील औषध लाकडात साठलेले असल्याने या वर्षी थांबूनही अंश निघणारच नाहीत याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. आधीच्या हंगामाची पट्टी हाती नसताना, उधारीवर चालणाऱ्या माणसाने पंधरा दिवसांत घ्यायचा हा निर्णय होता.

संशोधन केंद्र आणि बागायतदार संघ यांनी त्या काळात चर्चासत्रांतून जो सल्ला दिला, त्याचा गाभा औषधाऐवजी मशागतीने जोम आवरण्याचा होता. पाणी आणि नत्र कमी करून फुटींचा वेग धरायचा, शेंडा वेळेवर मारायचा, सबकेन (काडीवरची उपकाडी) करून काडीची लांबी दोन टप्प्यांत घ्यायची, गर्दीच्या फुटी काढून डोळ्यांवर ऊन पडेल असा मांडव मोकळा ठेवायचा आणि स्फुरद-पालाशचा आधार द्यायचा. यात नवीन शोध कोणताच नाही. जुने जाणते बागायतदार हेच करत आले होते. पण सीसीसीची एक फवारणी एका दिवसात, दोन माणसांत उरकते, तर शेंडा मारणे आणि फुटी काढणे यांसाठी ऐन मे महिन्यात मजुरांची टोळी लागते. औषध बंद होण्याचा खरा खर्च मजुरीच्या रूपाने बागेत शिरला आणि तो आजतागायत टिकून आहे.

एक चांगली सवयही या काळानंतर वाढीस लागली. फळछाटणीच्या आधी बागेतील काही काड्या कापून प्रयोगशाळेत नेतात. तिथे डोळा पातळ चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे, तो जोमदार आहे की बाळीकडे झुकलेला, हे सांगतात. बागायतदार त्यानुसार काडी किती डोळ्यांवर छाटायची ते ठरवतो. सूक्ष्मदर्शकात डोकावून आपल्या पुढच्या वर्षीच्या पिकाचा इवलासा फांदीदार आकार प्रथमच पाहणाऱ्या बागायतदाराचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला ही तपासणी नुसती तांत्रिक वाटणार नाही. सीसीसी नसताना घड टिकल्याची खात्री देणारी ती पहिली खूण असते.

यादी बदलत राहते

पुढच्या हंगामापासून सीसीसीची वेगळी चाचणी सक्तीची झाली, औषधाचा वापर निर्यातीच्या बागांतून हटला आणि काही वर्षांत निर्यात पुन्हा सावरून आधीपेक्षा पुढे गेली. नाशिकच्या बागायतदाराने हे इतक्या लवकर साधले, याबद्दल त्याचे कौतुक करायलाच हवे. तरी प्रकरण मिटले असे मानायला मी तयार नाही, कारण सीसीसी यादीत आले तरी, यादीबाहेरची जोखीम कोणाची हा प्रश्न होता तिथेच राहिला.

युरोपातील याद्या थांबलेल्या नाहीत. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाला तिथे २०२० मध्ये दार बंद झाले आणि त्याची मर्यादा किमान पातळीवर आली. २०२० च्या डिसेंबरमध्ये मँकोझेबच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले गेले. डाऊनीच्या विरोधात नाशिकच्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या हाताशी असलेले हे स्पर्शजन्य बुरशीनाशक आहे आणि अवकाळी पावसाचे दिवस वाढत असताना त्याची जागा घेणारी औषधे महाग आहेत. सरकारी मर्यादेच्या वर सुपरमार्केटांचे स्वतःचे नियम आहेत. जर्मनीतील काही साखळ्या सरकारी मर्यादेच्या एक तृतीयांश इतकाच अंश आणि मोजक्याच औषधांचे अंश चालवून घेतात. युरोपात मान्यता नसलेल्या औषधासाठी आयात सवलतीची मर्यादा मागण्याची सोय युरोपीय नियमात आहे. परंतु त्यासाठी अनेक ठिकाणच्या अवशेष चाचण्यांची भक्कम माहिती लागते. ती गोळा करायला वर्षे आणि मोठी रक्कम लागते आणि जुन्या, पेटंट संपलेल्या औषधासाठी कोणतीही कंपनी सहसा तो खर्च करत नाही. हे काम राज्य शासन, अपेडा आणि बागायतदार संघ यांनी मिळून, माल अडकण्याच्या दोन-तीन वर्षे आधी करण्याचे आहे.

त्याहून जवळचे काम कराराचे आहे. आगाऊ ठरलेल्या किमान भावावर माल घेणारे निर्यातदार आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत, ही सुधारणा निश्चितच आहे. पण निर्यातीची बोलणी होतात तेव्हा मण्याची जाडी किती मिलिमीटर, गोडी किती ब्रिक्स, पेटी किती किलोची, तोडणी कोणत्या आठवड्यात, हे सारे बारकाईने ठरते. बाग नोंदवली आहे, सांगितलेली औषधेच मारली आहेत, अहवाल पास आहे आणि तरीही माल तिकडे एखाद्या नव्या अंशासाठी अडकला, तर त्या शीतगृहाचे भाडे पट्टीत कोणाच्या नावाने लिहायचे, यावर मात्र बोलणी होत नाहीत.